पदवी आणि मानधन

गटाच्या बैठकीत कुणाची मुलगी बी.ए. झाल्याचं कळलं की लगेच विचारलं जातं, "मग आता कुठं लागली?" गावात राहिली तर तिला बहुधा मिळतं ते मानधन, पगार नव्हे. आम्ही समन्वयक बायकाही त्यातल्याच. हे मानधन आलं कुठून, ते आज सांगतो.

२ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. अंगणवाडी सेविका ही नोकर नाही, गावातली स्वयंसेविका, असं तेव्हा धरलं गेलं. मॅट्रिक झालेलीला महिना १५० रुपये, न झालेलीला १००. घरचं आवरून थोडा वेळ मुलं सांभाळायची, एवढाच हिशेब. पुढं वजनं आली, आहार आला, रजिस्टरं, सर्वे, आता मोबाइलमधल्या नोंदी. दिवस भरला, पण पगार काही म्हणेनात. शिक्षणाची अट मात्र वाढली. आता सेविका व्हायला किमान बारावी लागते, पदवी असली तर जादा गुण!

पदवीधर मुलांनाही हे चुकलं नाही. २००० साली राज्यात शिक्षणसेवक योजना आली. शिकवायचं पूर्णवेळ, पण पहिली तीन वर्षं ठरावीक मानधनावर. प्राथमिक शाळेत ते ३,००० रुपये होतं, २०१२ मध्ये ६,००० झालं आणि २०२३ पासून १६,०००. निदान तीन वर्षांनी त्यांना वेतनश्रेणी तरी मिळते. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना तेही नाही. जेवढे तास, तेवढे पैसे. उन्हाळ्याची सुट्टी कोरडीच.

२००५ नंतर आशाताई आल्या, मग उमेदच्या सीआरपीताई. लोक म्हणतात, बाईला घरबसल्या काम मिळालं. घरी कोण बसतं, ते आम्हाला विचारा.

सेविकांनी मोर्चे काढले, संप केले, कोर्टातही गेल्या. डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सेविकेचं पद हे सरकारी नोकरीतलं पद नाही. पण २५ एप्रिल २०२२ ला गुजरातच्या सेविकांच्या खटल्यात त्याच न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटी लागू केली. त्या कायद्यापुरतं हे मानधन म्हणजे वेतनच, असं निकालात आहे.

तुमच्या गटात कुणाची सासू, जाऊ सेविका म्हणून निवृत्त झाली असेल, तर तिच्या नेमणुकीचा कागद शोधून ठेवा. पुढच्या बैठकीला घेऊन या, आपण मिळून वाचू.