विलंबित ई-पत्रप्रेषण
संगणकावर लिहिलेले पत्र तत्काळ रवाना न करता प्रेषकाने नेमून दिलेल्या भावी वेळी आपोआप पाठविण्याची पद्धती. पत्र लिहिण्याची वेळ व ते पोहोचण्याची वेळ यांची हेतुपुरस्सर केलेली फारकत, हे तिचे मुख्य लक्षण होय.

रे टॉमलिन्सन (१९४१–२०१६) या अमेरिकन अभियंत्याने १९७१ मध्ये अर्पानेट या जाळ्यावरून दोन संगणकांदरम्यान पहिले पत्र पाठविले. त्या काळी पलीकडील संगणक बंद असल्यास पत्रास थांबावे लागे. पण हा विलंब नाइलाजाचा होता. बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) नेमलेल्या वेळी काम पार पाडणारा ‘ॲट’ हा आदेश आला व त्याच्या साहाय्याने पत्रही ठराविक वेळी पाठविता येऊ लागले.

यानंतर दोन परस्परभिन्न मानके पुढे आली. जोनाथन पोस्टेल (१९४३–९८) यांनी १९८२ मध्ये सिद्ध केलेल्या ‘एसएमटीपी’ या नियमावलीत विलंबाची तरतूद नव्हती. उलट, आंतरराष्ट्रीय तार व दूरध्वनी सल्लागार समितीच्या ‘एक्स.४००’ या मानकात (१९८४) विलंबित वितरण व ते रद्द करण्याची सोय, ही दोन्ही अंतर्भूत होती. तथापि एक्स.४०० गुंतागुंतीचे ठरले. सुटसुटीत एसएमटीपीचाच सर्वत्र प्रसार झाला आणि ही सोय सार्वजनिक पत्रव्यवहारातून मागे पडली.

पुढे काही कार्यक्रमांत पत्र प्रेषकाच्याच संगणकावर रोखून धरले जाई. नेमल्या वेळी तो संगणक बंद असला, तर पत्र अडून राही. पत्र सेवादात्याच्या संगणकावर थांबविल्यास ही अडचण उरत नाही. त्यासाठी २००७ मध्ये एसएमटीपीला पुरवणी जोडण्यात आली. तीनुसार पत्र किती सेकंद किंवा कोणत्या क्षणापर्यंत रोखावे, हे प्रेषक कळवू शकतो. मात्र ही पुरवणी स्वीकारणे ऐच्छिक आहे. जीमेलने १ एप्रिल २०१९ रोजी, आपल्या पंधराव्या वर्धापनदिनी, स्वतंत्रपणे ही सोय दिली व ती सामान्य वापरात आली.

या पद्धतीमुळे काही कायदेशीर व सामाजिक प्रश्न उद्भवतात. भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमानुसार (२०००), अन्यथा करार नसल्यास, प्रेषकाच्या नियंत्रणाबाहेरील संगणकसाधनात अभिलेख शिरला म्हणजे तो पाठविला गेला, असे मानतात. नियोजित पत्र मात्र नेमलेल्या वेळेपर्यंत प्रेषकास मागे घेता येते. त्यामुळे ते केवळ लिहून ठेवल्याने मुदत पाळली गेली, असे म्हणणे कठीण होय. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामगारांच्या ‘संपर्कमुक्ततेच्या हक्का’ला कायद्याचा आधार मिळाला. रात्री लिहिलेले पत्र सकाळी पाठविल्यास दुसऱ्याच्या विश्रांतीचा मान राखला जातो; परंतु लिहिणारा रात्री काम करीत होता, ही गोष्ट त्यामुळे झाकली जाते. विलंबाने वाचणाऱ्याचा वेळ वाचतो, लिहिणाऱ्याचा नव्हे, ही या पद्धतीची मर्यादा होय.