आत्म्यांची वेल आणि पेटंटचा कागद

आज जाऊया थेट ॲमेझॉनच्या जंगलात. 'आयाहुआस्का' हा केचुआ भाषेतला शब्द. 'आया' म्हणजे आत्मा किंवा मृत व्यक्ती, 'वास्का' म्हणजे दोर, वेल. थोडक्यात, आत्म्यांची वेल.

ही वेल चाक्रुना नावाच्या झुडपाच्या पानांसोबत तासन्‌तास उकळतात. इंटरनेटवर लोक याला नशा म्हणून मोकळे होतात. पण पेरूमध्ये उकायाली नदीकाठी राहणारे शिपिबो-कोनिबो लोक वनस्पतीला गुरू मानतात. विधी रात्री, अंधारात होतो. वैद्य 'इकारो' गातो. ही गाणी वनस्पतींनीच शिकवली, अशी त्यांची श्रद्धा. म्हणजे तिथे गाणं हेच औषध.

आता गंमत बघा. १९८६ साली एका अमेरिकन माणसाने या वेलीच्या एका वाणावर पेटंट मिळवलं! ॲमेझॉनच्या आदिवासी संघटनांनी आव्हान दिलं, आणि १९९९ मध्ये ते रद्द झालं. कशामुळे? वेल पवित्र आहे म्हणून नाही, तर तसाच वाळवलेला नमुना शिकागोच्या संग्रहालयात आधीपासून होता म्हणून. २००१ मध्ये पेटंट परत बहाल झालं आणि २००३ मध्ये मुदत संपल्यावरच सुटलं.

१९९७ मध्ये आपण हळदीचं पेटंट रद्द करून घेतलं, कारण आपल्याकडे जुने लेखी पुरावे होते. त्यांचं ज्ञान गाण्यात होतं. सॉफ्टवेअरवाला म्हणून मला डॉक्युमेंटेशनचं महत्त्व कळतं. पण जे लिहिलं नाही ते कुणाचंच नाही, हे मला पटत नाही. तुम्हाला पटतं?