स्टिअरिंग ढिलं नव्हतं, आवळलेलं होतं

हे या भागाचं शब्दांकन. बोलताना राहून गेलेले दोन-तीन मुद्दे लिहिताना आत घातले आहेत, त्यामुळे ऐकलेल्यांनीही चाळायला हरकत नाही.

१९९८ च्या मे महिन्यात पाचगणीहून वाईकडे पसरणीचा घाट उतरताना आमची पद्मिनी एका वळणातून बाहेरच येईना. बाबांनी स्टिअरिंग डावीकडे घेतलं, गाडी वळली, वळण संपत आलं तसे त्यांनी सवयीने हात सैल सोडले. चाक आपलं आपण सरळ येतं ना, तशी सवय. ते आलं नाही. गाडी वळतच राहिली. बाबांनी दोन्ही हातांनी चाक ओढून आणेपर्यंत डावा दरवाजा कठड्याला घासून गेला होता. आई मागे बसली होती. वाईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि त्यानंतर कित्येक महिने ती त्या गाडीत बसली नाही.

गंमत म्हणजे, चारच दिवस आधी स्टिअरिंग दुरुस्त करून आणलं होतं. तक्रार अगदी नेहमीची: साठच्या वर गाडी भरकटते. सरळ रस्त्यावरही सतत डावं-उजवं करत राहावं लागतं, शेजारून ट्रक गेला की गाडी हलते, आणि स्टिअरिंग दोन बोटं फिरवलं तरी चाकाला पत्ता नसतो. यालाच आपण ‘प्ले’ म्हणतो. एका गॅरेजमध्ये माणसाने बॉनेट उघडलं, स्टिअरिंग बॉक्सवरचा एक स्क्रू पान्याने आवळला आणि दहा मिनिटांत प्ले गायब केला. बाबा खूश. “नव्यासारखी झाली,” म्हणाले.

त्या स्क्रूने नेमकं काय केलं हे मला कळलं ते बऱ्याच वर्षांनी, गाड्यांचा इतिहास वाचताना. आजचा भाग त्यावरच आहे.

सुरुवात घोडागाडीपासून करावी लागते. जुन्या चारचाकी बग्गीचा पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळ्यावर फिरायचा. जोरात वळली की आतल्या बाजूचा आधार आत सरकायचा आणि बग्गी कलंडायची. म्युनिकमधल्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर या बग्गी बनवणाऱ्या कारागिराने यावर तोड काढली. आस जागेवर ठेवायचा आणि दोन्ही टोकांना चाकं स्वतंत्र खुंट्यांवर फिरवायची, आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जरा जास्त. लंडनमध्ये त्याच्या वतीने १८१८ साली पेटंट घेतलं ते रुडॉल्फ आकरमान याने, आणि म्हणून आजही जगभर या रचनेला आकरमानचं नाव आहे. लांकेनश्पेर्गर बिचारा मागे पडला.

पण आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचं निराळंच. एका खिळ्याच्या जागी आता दोन खिळे आले, त्यांना जोडणारा दांडा आला, दांड्याच्या टोकांना सांधे आले. बग्गी कलंडायची थांबली, पण झिजणाऱ्या जागा वाढल्या. हे बग्गीवाल्यांना फारसं पसंत पडलं नाही, आणि कल्पना बराच काळ तशीच पडून राहिली. कार्ल बेन्झने १८८५ ची पहिली गाडी तीनचाकी केली त्याचं एक कारण हेच होतं, की चार चाकं नीट वळवायची कशी हे त्याच्या मनासारखं जमत नव्हतं. त्याचं चारचाकीच्या स्टिअरिंगचं पेटंट १८९३ चं आहे.

तेव्हा गाड्यांना गोल चाक नव्हतं, नावेच्या सुकाणूसारखा दांडा असायचा. खड्ड्यात चाक आपटलं की झटका थेट हातात. वेग वाढला तसा हा दांडा मनगट मोडायला निघाला. १८९४ च्या पॅरिस-रूआँ स्पर्धेत आल्फ्रेद वाशरोन याने आपल्या पानार गाडीला गोल चाक लावलं होतं, आणि पुढच्या काही वर्षांत सगळेच त्या वाटेने गेले. चाकाबरोबर आला वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे पाडलेला दांडा, आणि त्यात अडकून फिरणारा दात. हाच स्टिअरिंग बॉक्स.

इथे जरा थांबतो, कारण सगळं पाणी इथेच मुरतं. वर्मचा एक स्वभाव आहे. तुम्ही त्याला फिरवलंत तर तो दाताला फिरवतो, पण दाताने त्याला फिरवायचं म्हटलं तर तो सहसा फिरत नाही. जॅकचा स्क्रू गाडी उचलतो पण गाडीच्या वजनाने उलटा फिरत नाही, तसंच. सुरुवातीच्या ड्रायव्हरांना हे वरदान वाटलं, कारण खड्ड्याचा झटका वर्मपाशीच अडायचा. पण त्याच कारणाने वळणानंतर रस्ता चाकाला सरळही करू शकत नव्हता.

रस्ता चाकाला सरळ करतो म्हणजे काय, हे सायकलवर पाहा. पुढचा काटा तिरका असतो. त्या तिरक्या रेषेचं टोक जमिनीला जिथे लागतं, त्याच्या जरा मागे टायर टेकलेला असतो. त्यामुळे टायर मागून फरफटत येतो आणि आपोआप सरळ होतो. मोटारीत यालाच कॅस्टर म्हणतात. गाडी सरळ धावते ती मुख्यतः या फरफटीमुळे, ड्रायव्हरच्या हातामुळे नाही. पण ही फरफट वरपर्यंत पोचायची तर बॉक्सने तिला वाट द्यायला हवी.

म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत इंजिनिअर मंडळी बॉक्समधलं घर्षण कमी करण्यामागे लागलेली दिसतात. घासणाऱ्या दाताच्या जागी फिरणारा रोलर आला, पुढे वर्मच्या आट्यांत पोलादी गोळ्या फिरवण्यापर्यंत गोष्ट गेली. झटका थोडा वर येऊ द्यायचा, आणि त्या बदल्यात चाक आपलं आपण सरळ होऊ द्यायचं, असा तो सौदा होता.

मधल्या काळात एक विचित्र साथही येऊन गेली. १९२० च्या दशकात कमी हवेचे फुगीर टायर आले, पुढच्या चाकांना ब्रेक आले, आणि ठरावीक वेगाला गाड्यांची पुढची चाकं थडथड नाचायला लागली. इंग्रजीत याला शिमी म्हणत. गॅरेजवाले सांधे आवळत होते, पण आवळून ते थांबेना, कारण दोष एका सांध्यात नव्हताच. दोन्ही चाकं एकाच अखंड आसावर होती, एक उसळलं की दुसरं हलायचं. रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅककडे गेलेल्या मॉरिस ओली याने हा प्रश्न मुळापासून हाती घेतला आणि १९३४ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत पुढची चाकं एकमेकांपासून सुटी झाली. पण सुटी झाली म्हणजे पुन्हा जोडदांडे वाढले, पुन्हा सांधे वाढले.

आमची पद्मिनी याच वंशातली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट काढली, तीच १९७४ पासून पद्मिनी. तिच्या पुढच्या बाजूला सुटी चाकं, मागे पाट्यांच्या स्प्रिंगांवरचा अखंड आस, आणि स्टिअरिंगला वर्मचा बॉक्स. (अँबेसेडर म्हणजे अवजड आणि फियाट म्हणजे नाजूक, असं आपण मानतो. पण स्टिअरिंगमध्ये अँबेसेडर पुढची होती. तिला मॉरिस ऑक्सफर्डकडून रॅक अँड पिनियन मिळालं होतं. फियाटवाल्यांनी रागावू नये, मीही त्यांतलाच.)

आता वर्म झिजतो कुठे? मधोमध. गाडी बहुतेक वेळ सरळ जाते, तेव्हा मधलेच आटे घासतात, टोकाचे नवे राहतात. मधला प्ले काढायला स्क्रू आवळला की मध्यभाग ठीक होतो, आणि वळणात, जिथे आटे झिजलेले नाहीत, तिथे दात रुतून बसतो. त्या गॅरेजने आमच्या गाडीला दहा मिनिटांत जुन्या काळात नेऊन ठेवलं होतं. प्ले नाही, पण चाक परतही येत नाही. सपाट रस्त्यावर हे जाणवलं नाही. घाटात जाणवलं.

वाईत एक म्हातारे मिस्त्री भेटले. त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. मला म्हणाले, “आत बस बाळा. चाक नुसतं हलव, इकडं थोडं, तिकडं थोडं. फिरवू नकोस.” इंजिन बंद, गाडी चारही चाकांवर उभी. ते खाली झोपले आणि एकेका सांध्यावर बोटं ठेवत गेले, बोट अर्धं या भागावर, अर्धं त्या भागावर. एक भाग आधी हलला आणि दुसरा उशिरा, की दुखणं तिथे. बाबा म्हणाले, “मिस्त्री, बॉक्सच बदलायला लागेल का?” खालून उत्तर आलं, “बॉक्स सगळ्यात शेवटी, साहेब.”

मग पुढचं चाक जॅकवर. वर-खाली धरून हलवलं. हललं. त्यांनी मला ब्रेक दाबायला लावला आणि परत हलवलं. हलणं थांबलं, म्हणजे चाकाचं बेअरिंग ढिलं. ब्रेक दाबूनही हललं असतं तर किंगपिन. डावं-उजवं हलवलं तर टाय-रॉडचं टोक बोलतं. शेवटी ते मागे गेले, स्प्रिंगचे बुश आणि यू-बोल्ट पाहिले. मला नवल वाटलं, स्टिअरिंगसाठी मागे कशाला? पण मागचा आस तिरका सरकू लागला तर गाडी मागूनही वळते, आणि पुढचं कितीही नीट करा, भरकटणं राहतं.

सापडलं ते असं: आयडलर आर्मचा बुश खलास, डाव्या टाय-रॉडचं टोक ढिलं, आणि ते बेअरिंग. आयडलर आर्म म्हणजे बॉक्सच्या समोरच्या बाजूला मधला दांडा तोलून धरणारा हात. तो वर-खाली झाला की एका बाजूच्या चाकाची दिशा ड्रायव्हरला न विचारता बदलते. त्याच्या महिनाभर आधी अलाइनमेंटही केलं होतं, पण ते उभ्या गाडीचं. धावताना रस्ता पुढची चाकं बाहेर फाकवतो, सांध्यांत ढिलाई असेल तर मशीनवरचा टो-इन तिथेच संपतो. म्हणून आधी सांधे, मग अलाइनमेंट. टायरची हवा तर त्याच्याही आधी, आणि एकाच आसावर एक रेडियल, एक जुन्या पद्धतीचा क्रॉस-प्लाय असं कधीही नाही.

बुश आणि टोक बदलून झाल्यावर मिस्त्रींनी तो स्क्रू मागे फिरवला. रिमवर जवळजवळ इंचभर प्ले परत आला. बाबांचा चेहरा उतरला. “एवढा राहू द्या, साहेब,” मिस्त्री म्हणाले. जाताना त्यांनी मोकळ्या रस्त्यावर वळण घेऊन चाक सोडून दाखवलं. ते हळूच फिरून सरळ आलं.

मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ची, आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. खाजगी मालकांकडे मात्र अजून आहेत, आणि ‘गाडी भरकटते’ म्हणून त्यांचे निरोप मला येत असतात. बहुतेकांनी तो स्क्रू आधीच आवळलेला असतो. तुम्हीही आवळला असेल तर आज एवढंच करा: मोकळ्या मैदानात, पायी चालण्याच्या वेगाने वळण घ्या आणि हात सैल सोडा. चाक परत येत नसेल, तर घाटात जाऊ नका.

किंगपिन आणि ग्रीसबद्दल पुढच्या भागात बोलू.