टोकावडे परिसरातील भाजीपाला-व्यापार

टोकावडे परिसरातील भाजीपाला-व्यापार : टोकावडे हे ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील गाव कल्याण–माळशेज घाट–अहिल्यानगर मार्गावर, कल्याणपासून सु. ५० किमी.वर आहे. मुरबाड व लगतच्या शहापूर तालुक्यातील भाजीपाला ग्राहकापर्यंत पोहोचण्याच्या पद्धतीत रस्ते, लोहमार्ग व बाजारविषयक कायदे यांमुळे वेळोवेळी बदल होत गेले.

प्राचीन व्यापारी मार्गालगत असूनही येथील भाजीस बाहेरची बाजारपेठ फार उशिरा लाभली. कल्याण बंदर व जुन्नर यांना जोडणारा नाणेघाट जवळच्या वैशाखरे गावाच्या बाजूने चढतो. तेथील लेण्यातील सातवाहनकालीन शिलालेख प्रसिद्ध आहे. मीठ, धान्य, कापड यांसारखा टिकाऊ माल बैलांच्या पाठीवरून अशा वाटांनी जाऊ शके. एकदोन दिवसांत सुकणारी पालेभाजी जाऊ शकत नसे. परसातील व नदीकाठच्या मळ्यांतील भाजी त्यामुळे घरी आणि आठवडे बाजारातच खपे.

लोहमार्ग कल्याणहून वासिंद (१८५५), आसनगाव (१८६०) व कसारा (१८६१) असा पुढे सरकला आणि शहापूर तालुका मुंबईशी जोडला गेला. मुंबईत १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट (सध्याची महात्मा जोतिबा फुले मंडई) उभे राहिले. मुरबाड तालुका मात्र लोहमार्गापासून दूरच राहिला. बैलगाडीने कल्याण एका रात्रीत गाठणे कठीण असल्याने टोकावड्याच्या भाजीला मुंबईची मागणी प्रत्यक्षात लाभली ती मालमोटारींमुळे.

भाताची कापणी झाल्यावर पाण्याची सोय असलेल्या शेतांत भेंडी, काकडी, वांगी, मिरची इ. पिके घेतली जातात. माल दुपारनंतर तोडून पाट्यांत वा पोत्यांत भरतात. टेम्पो तो गोळा करून रात्री कल्याण किंवा वाशीच्या बाजारात पोहोचवितो. तेथे अडत्या मालाची विक्री करून भाडे, हमाली, तोलाई वजा केलेली पट्टी उत्पादकास देतो. भाव ठरतो तेव्हा लहान उत्पादक बहुधा तेथे नसतो. असला, तरी न विकलेली भाजी परत नेणे त्यास परवडत नाही. त्याच बाजारात जुन्नर, ओतूर भागांतील भरलेल्या मालमोटारी माळशेज घाट उतरून येतात. त्यांच्यापुढे दोनचार पाट्यांच्या धन्यास भावाविषयी घासाघीस करण्यास फारसा वाव उरत नाही.

रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याच्या जुन्या रीतीऐवजी नियंत्रित बाजारांत उघड लिलावाचे तत्त्व आले. त्यासंबंधीचा राज्याचा प्रमुख कायदा १९६३ चा. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ मध्ये स्थापन झाली व १९९६ मध्ये मुंबईतील भाजीपाल्याचा घाऊक बाजार वाशी (तुर्भे) येथे गेला. जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाला यांची बाजार-आवाराबाहेरील विक्री नियमनमुक्त करण्यात आली आणि अडत उत्पादकाऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. सुधारणा इष्टच होती. परंतु शीतगृह व स्वतःचे वाहन नसलेल्या उत्पादकाची मूळ अडचण, म्हणजे मालाची नाशवंतता, कायद्याने दूर होण्यासारखी नाही. परदेशी पाठविण्यासाठी कोवळ्या, सारख्या लांबीच्या भेंडीला चांगला भाव मिळतो. निवडीतून बाद झालेला माल पुन्हा स्थानिक बाजारातच येतो.

पाण्याची स्थितीही विषम आहे. शहापूर तालुक्यातील तानसा (१८९२) व भातसा या धरणांचे पाणी मुंबईस जाते. त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना मात्र उन्हाळ्यात पिण्यासाठीही टँकरची वाट पाहावी लागते. तेथे उन्हाळी भाजीचा प्रश्नच उद्भवत नाही.

रानभाज्यांचा व्यापार याहून वेगळा आहे. पावसाच्या आरंभी शेवळे, पुढे टाकळा, भारंगी, कुर्डू, कंटोळी इ. भाज्या ठाकूर, कातकरी व महादेव कोळी स्त्रिया रानातून खुडून आणतात आणि मुरबाड, शहापूर, कल्याण येथे जुडीने वा वाट्याने विकतात. येथे अडत्या नसतो. खुडणारीच भाव सांगते व रोख पैसे घेते. बसण्यासाठी हक्काची जागा मात्र बहुतेकींना नसते. रस्त्याच्या कडेला किंवा स्थानकाबाहेर गोणपाट पसरून भाजी मांडावी लागते.