काचेच्या पाठीवरचे चित्र

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या मुलुंडच्या घरात एका तसबिरीचा विषय निघतोच. ती आता भिंतीवर नाही. जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवली आहे. त्या तसबिरीच्या अपराधातून माझा गेल्या वीस-बावीस वर्षांचा हा उद्योग सुरू झाला, म्हणून आधी तेच सांगून टाकतो.

तसबीर आईच्या माहेरची, साताऱ्याकडची. एक वीतभर रुंद, दोन वीत उंच काच आणि तिच्यावर लोण्याचा गोळा धरलेला बाळकृष्ण. वाळवीने चौकट पोखरली होती, म्हणून १९९८ च्या दिवाळीआधी मी ती घाटकोपरच्या एका फ्रेमवाल्याकडे नेऊन दिली. दोन दिवसांनी आणायला गेलो तर नवी चौकट झकास, पण कृष्ण जवळजवळ नाहीसा. फ्रेमवाला अभिमानाने म्हणाला, "साहेब, मागून फार मळ बसला होता. ओल्या फडक्याने सगळा काढून टाकला." घरी आणल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, तो मळ नव्हता. तोच कृष्ण होता."

फ्रेमवाल्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. चित्र कागदावर असते आणि काच त्याच्या पुढे असते, हे त्याच्या धंद्यातले पहिले ज्ञान. काचेच्या पाठीवरच चित्र असू शकते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आणि देताना मीही सांगितले नव्हते, कारण मलाच ते माहीत नव्हते. टपाल खात्यात नोकरी करणारा माणूस मी. चित्रकलेचे शिक्षण शून्य. पुढची कित्येक वर्षे शनिवार-रविवार ग्रंथालये आणि संग्रहालये यांत घालवली ती फक्त आपण नेमके काय पुसून टाकले हे कळावे म्हणून.

या चित्रांची रीत सगळी उलटी. कागदावर किंवा कापडावर चित्रकार आधी पार्श्वभूमी भरतो, मग अंग, मग वस्त्र आणि शेवटी डोळे, भुवया, मोत्यांचे ठिपके. काचेच्या पाठीवर काढताना शेवटचे काम पहिल्यांदा करावे लागते. आधी डोळ्यांची रेघ, ओठांची कड, नथ, मोती. त्यावर त्वचेचा रंग. त्यावर वस्त्र. दागिन्यांच्या जागी बेगड चिकटवायची असेल तर तीही योग्य वेळी. सर्वांत शेवटी पार्श्वभूमी. चूक झाली तर वरून दुरुस्त करता येत नाही, कारण "वर" म्हणजे इथे मागे. शिवाय काचेखाली खाका ठेवून गिरवला आणि तो आधी उलटवून घेतला नाही, तर पुढून पाहणाऱ्याला उजव्याचे डावे दिसते. आमच्या बाळकृष्णाच्या डाव्या हातात लोणी होते. लहानपणी मी आईला त्याचे कारण विचारले होते. ती म्हणाली होती, "डावखुरा असेल." मला आता वाटते, कोणा चित्रकाराने खाका उलटवायचा कंटाळा केला असावा.

ही कला मूळची आपली नव्हे. युरोपातून ती चीनमध्ये गेली, कँटनच्या चित्रकारांनी तिचा मोठा व्यापार केला आणि अठराव्या शतकात जहाजांबरोबर ती आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागली. सातारा, कच्छ आणि म्हैसूर या दरबारांशी चिनी चित्रकारांचा संबंध अभ्यासकांनी नोंदवला आहे. पुढे आपल्या चित्रकारांनी ती उचलली. तंजावरात तिला देवघराचे रूप आले. आपल्याकडे देवांबरोबर नटलेल्या स्त्रियांची आणि सरदारांची चित्रेही आली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात काचेवरची चित्रे पाहायला मिळतात. तिथे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका चित्रापुढे इतका वेळ उभा राहिलो की पहारेकरी येऊन विचारून गेला, "काही हरवलंय का?"

मग ही चित्रे थांबली का? मला सापडलेले उत्तर घाटकोपरच्याच वाटेवरचे निघाले. १८७८ मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा निघाली आणि देवादिकांची, पेशव्यांची छापील चित्रे घराघरांत जाऊ लागली. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा शिळाप्रेस मुंबईत सुरू झाला. त्यातून बाहेर पडलेले पहिले चित्र शकुंतला-जन्माचे. घाटकोपरचे नाव या छापखान्याच्या मुंबईतल्या दिवसांशी जोडलेले आहे. प्लेगच्या त्या वर्षांनंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. रविवर्म्यांनी देव सामान्य माणसाच्या घरात आणले, हे आपण नेहमी म्हणतो आणि ते खरेच आहे. पण छापील लक्ष्मी घरात आली ती काचेखाली बसून. दमटपणा, धूर, हळदीकुंकवाची बोटे यांपासून कागद वाचवायचा तर काच हवीच. आतापर्यंत चित्र अंगावर बाळगणारी काच चित्राची राखणदार झाली. एका छापाच्या हजारो प्रती निघत असताना एकेक डोळा उलट्या क्रमाने रंगवणाऱ्याला कोण विचारणार? गंमत अशी की बायकांनी त्या छापील चित्रांवर जर, टिकल्या, मणी शिवून त्यांना पुन्हा हाताचा स्पर्श दिला. मला त्या मोती लावलेल्या लक्ष्म्या मूळ छापापेक्षा जास्त आवडतात.

इथे मराठी माणूस म्हणेल, आपण तर काच बनवायलाही शिकलो होतो. खरे आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा-पैसा जमवून उभारलेल्या फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. १९१६ मध्ये ओगले बंधूंचा कारखाना आला आणि कऱ्हाडजवळ ओगलेवाडी वसली. त्यांचा प्रभाकर कंदील माझ्या आजोळच्या ओसरीवर टांगलेला होता. या कारखान्यांच्या मागे स्वदेशीची निकड होती, आणि देशाला चिमणी, बाटली, कंदील हवा होता. पण चित्रकार भट्टीपर्यंत गेला नाही आणि भट्टीवरचा कारागीर चित्रशाळेत आला नाही. काच करणारे हात आणि काचेवर रेघ ओढणारे हात यांची गाठ आपल्याकडे पडलीच नाही, असे माझे मत आहे. कोणी खोडून काढले तर आनंद होईल.

ती गाठ दुसरीकडे कशी पडली, याची एक गोष्ट आहे आणि तिचे एक टोक आपल्या अंधेरीत आहे. अमेरिकेत कॉर्निंग नावाच्या काचगावात जेसी लिटलटन हे शास्त्रज्ञ होते. १९१३ मध्ये त्यांच्या पत्नी बेसी यांनी कारखान्यातल्या बॅटरीच्या काचपात्राचा कापलेला बुडखा भट्टीत ठेवून त्यात केक भाजला. काच तडकली नाही. त्यातून पुढे दोन वर्षांनी पायरेक्सची भांडी बाजारात आली. याच कॉर्निंग कंपनीच्या सहकार्याने १९६२ मध्ये बोरोसिल ही कंपनी स्थापन झाली आणि मरोळ-मरोशी रस्त्यावर तिचा कारखाना उभा राहिला. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रांवर ते नाव होते. त्याच १९६२ च्या मार्चमध्ये जेसी आणि बेसी यांचा मुलगा हार्वी लिटलटन टोलेडोच्या कलासंग्रहालयाच्या आवारातल्या एका गॅरेजमध्ये छोटी भट्टी मांडून बसला होता. कलावंताने कारखान्याबाहेर, एकट्याने काच वितळवून शिल्प करावे, हा त्याचा हट्ट. पहिल्यांदा त्याचे मिश्रण वितळलेच नाही. मग काचतंत्रज्ञ डॉमिनिक लॅबिनो यांनी कारखान्यातल्या काचगोट्या वितळवायला सुचवले आणि फुंकनळीच्या टोकाला फुगा धरला. आज जगात काचशिल्पांची जी प्रदर्शने भरतात, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ त्या गॅरेजात आहे. एकाच घरातली विद्या एका बाजूने अंधेरीला चंचुपात्र होऊन आली, दुसऱ्या बाजूने शिल्प झाली. आपल्या वाट्याला चंचुपात्र आले. त्यावर कित्येक पिढ्या रसायनशास्त्र शिकल्या, म्हणून तक्रार करवत नाही.

काचेच्या पाठीवरचे चित्र मात्र आपल्याकडे परत आले, आणि तेही मुंबईतल्या एका चित्रकर्तीच्या हातून. के. जी. सुब्रमण्यन आणि भूपेन खख्खर यांनी ही उलटी रीत पुन्हा हाती घेतली होती. खख्खर मूळचे मुंबईचे, पुढे बडोद्याचे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्याकडून ती नलिनी मलानी यांनी उचलली. १९४६ मध्ये कराचीत जन्मलेल्या, फाळणीत इकडे आलेल्या, जे. जे. मध्ये शिकलेल्या मलानींनी काचेऐवजी बहुधा अॅक्रिलिकचे पत्रे आणि मायलार हे पारदर्शक प्लॅस्टिक वापरले. २०१२ मध्ये जर्मनीतल्या कासल येथील डॉक्युमेंटात त्यांनी आतून रंगवलेली पाच मायलारची नळकांडी छताला टांगून फिरती ठेवली. त्यांतून प्रकाश जाऊन चित्रांच्या सावल्या भिंतींवर फिरत होत्या.

पण मला जास्त महत्त्वाचे वाटते ते त्यांचे त्याआधीचे एक प्रदर्शन, १९९२ मधले, 'सिटी ऑफ डिझायर्स'. जहांगीरच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरी केमोल्डमध्ये त्यांनी थेट भिंतींवर चित्रे काढली. नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रे दुर्लक्षाने नष्ट होत होती, तिकडे लक्ष वेधायचे होते. पंधरा दिवसांनी प्रदर्शन संपले आणि भिंती पुन्हा पांढऱ्या करण्यात आल्या. विकण्यासारखे, घरी नेण्यासारखे काही उरले नाही. पुसले जाणे म्हणजे काय, हे पाहणाऱ्याला अंगावर यावे असाच तो घाट होता.

आणि ज्या गॅलरीत हे घडले, तिच्या नावाचा उगम कळला तेव्हा मी ग्रंथालयात एकटाच हसलो. केकू गांधी यांनी १९४१ मध्ये सुरू केलेला केमोल्ड हा धंदा तसबिरींच्या चौकटींचा होता. चौकटी करून देता देता त्यांची चित्रकारांशी मैत्री झाली आणि १९६३ मध्ये गॅलरी निघाली. म्हणजे एका फ्रेमवाल्याने मुंबईच्या आधुनिक चित्रकलेला घर दिले, आणि दुसऱ्याने माझा कृष्ण पुसला. तेव्हापासून मी फ्रेमवाल्यांविषयी सरसकट वाईट बोलत नाही.

आता ओळखीपाळखीत कोणाकडे अशी तसबीर निघाली की मला फोन येतो. मी एवढेच सांगतो: आधी मागून पाहा. पाठपुठ्ठा सुटा असेल तर हलकेच उचला, चिकटला असेल तर ओढू नका. मागे रंगाचा थर दिसला तर पाणी, फडके, चिकटपट्टी, काही लावायचे नाही. पुढून-मागून फोटो काढून ठेवा आणि उन्हाच्या, ओलीच्या भिंतीवरून ती काढा. गेल्या वर्षी भांडुपच्या एका घरातली गजलक्ष्मी अशी वाचली. त्या घरच्या आजींनी फडके ओले करून हातात घेतलेच होते.

आमच्या काचेचे काय उरले आहे, तेही सांगतो. फडके मागून फिरले, त्यामुळे चित्र जसे रंगवले गेले त्याच्या उलट क्रमाने गेले. आधी पार्श्वभूमी गेली, मग पीतांबर, मग सावळा रंग. चित्रकाराने सर्वांत आधी, थेट काचेवर ओढलेले मात्र बरेचसे तगले: एक भुवई, दोन्ही डोळ्यांच्या रेघा, कानातल्या मोत्याचे तीन ठिपके आणि डाव्या हाताची चार बोटे. लोणी नाही. परवा सफाईला ती खाली काढली तेव्हा आईने ती खिडकीशी धरली. ऊन काचेतून आले आणि समोरच्या भिंतीवर त्या रेघांची सावली पडली. आई म्हणाली, "जरा तशीच धर," आणि चष्मा शोधायला आत गेली.