चिंताविकार

चिंताविकार : प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने फार मोठी, दीर्घकाळ टिकणारी आणि रोजच्या व्यवहारात अडथळा आणणारी भीती किंवा काळजी हे ज्यांचे मुख्य लक्षण असते, अशा मनोविकारांचा गट. परीक्षेपूर्वीची धाकधूक किंवा घरचे माणूस उशिरापर्यंत परतले नाही म्हणून होणारी घालमेल हा विकार नव्हे. अशी चिंता माणसाला सावध करते आणि कारण संपले की ओसरते. ती ओसरत नाही, झोप, काम व नाती यांवर तिचा परिणाम होऊ लागतो, तेव्हा तो विकार समजावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ३०.१ कोटी लोकांना चिंताविकार होता. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आढळते. परिणामकारक उपचार उपलब्ध असूनही चारांपैकी साधारण एकालाच ते मिळतात.

शारीरिक प्रक्रिया : धोका जाणवताच मेंदूतील अमिग्डला हा भाग सक्रिय होतो, अनुकंपी चेतासंस्था उद्दीपित होते आणि अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन स्रवते. छाती धडधडते, श्वास जलद होतो, हातपाय गार पडतात, पोटात गोळा येतो. लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी होणाऱ्या या तयारीचे वर्णन अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये केले. चिंताविकारात हीच तयारी धोका नसताना किंवा नगण्य असताना होते. त्यामुळे रुग्णाला होणारा त्रास खरा असतो. ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून तो उडवून लावणे चूक आणि अन्यायकारक आहे.

प्रकार : सार्वत्रिक चिंताविकारात पैसा, प्रकृती, मुले अशा अनेक विषयांची आवरता न येणारी काळजी किमान सहा महिने, बहुतेक दिवस टिकते. भयातिरेक विकारात पॅनिक अटॅक, म्हणजे तीव्र भीतीचे झटके, अचानक व वारंवार येतात. झटका काही मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि आता जीव जाणार असे वाटते. हा हृदयविकाराचा झटका समजून अनेक रुग्ण प्रथम रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जातात. सामाजिक चिंताविकारात लोक आपल्याला जोखतील, हसतील ही धास्ती असते. उंची, प्राणी, इंजेक्शन यांसारख्या विशिष्ट गोष्टींचे भय आणि सुटका अवघड वाटणाऱ्या जागांचे भय हे आणखी दोन प्रकार. मंत्रचळ आणि आघातोत्तर तणावविकार पूर्वी याच गटात गणले जात. अमेरिकन मनोविकारचिकित्सा संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात त्यांना स्वतंत्र स्थान मिळाले.

कारणे : आनुवंशिकता, स्वभाव, बालपणातील आघात, दीर्घकाळचा ताण यांचा वाटा व्यक्तीगणिक कमीअधिक असतो. विकार टिकून राहण्याचे एक प्रमुख कारण मात्र जवळजवळ सगळ्या प्रकारांत दिसते : टाळणे. गर्दीच्या लोकलमध्ये पॅनिक अटॅक आलेली व्यक्ती लोकल सोडते आणि तिला तत्काळ हायसे वाटते. टाळले म्हणून वाचलो, अशी मनाची खात्री होते. पुढे बस सुटते, बाजार सुटतो, एकटीने घराबाहेर पडणेही सुटते. गर्दीत काही अघटित घडत नाही, हे अनुभवण्याची संधीच न मिळाल्याने भीती वाढत जाते. घरच्यांनी प्रेमापोटी सोबत जाणे, तिची कामे स्वतः उरकणे किंवा पुन्हापुन्हा धीर देणे यांनीही हे चक्र नकळत बळावते.

उपचार : हे चक्र उलटवण्याचे तत्त्व मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांच्या १९२४ च्या प्रयोगात दिसते. सशाला घाबरणारा एक लहान मुलगा आवडीचे खात असताना ससा दररोज थोडा जवळ आणला गेला आणि भीती नाहीशी झाली. जोसेफ वोल्पी यांनी १९५८ मध्ये स्नायुशिथिलीकरणाची जोड देऊन या तत्त्वाची पद्धतशीर मांडणी केली. लोकलच्या उदाहरणात रुग्ण प्रथम दुपारी फलाटावर थांबेल, मग कमी गर्दीत एक स्थानक जाईल, शेवटी गर्दीच्या वेळी एकटा प्रवास करील. प्रत्येक पायरीवर भीती उतरू लागेपर्यंत तेथेच थांबणे महत्त्वाचे असते.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती आणि अ‍ॅरन बेक यांचे बोधात्मक उपचार भीतीमागील विचार तपासायला शिकवतात. एलिस यांची पद्धती कि. मो. फडके यांच्या लेखन-अध्यापनातून मराठी वाचकांना परिचित झाली. औषधांमध्ये सेरोटोनिनवर कार्य करणारी नैराश्यरोधके प्रामुख्याने देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती वैद्यकीय सल्ल्याशिवाय एकदम बंद करू नयेत. १९६० पासून वापरात आलेली बेंझोडायझेपाइन गटातील औषधे लवकर आराम देतात, पण त्यांची सवय लागू शकते. म्हणून ती अल्पकाळच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावीत. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता यांची लक्षणे चिंतेसारखी असू शकतात, म्हणून प्रारंभी शारीरिक तपासणी आवश्यक असते.

स्वतः घ्यावयाची काळजी : नियमित व्यायाम, ठरलेल्या वेळी झोप, चहा-कॉफी बेताची आणि सावकाश श्वास सोडण्याचा सराव यांची मदत होते. मद्याने तात्पुरते बरे वाटते, परंतु उतार पडताना चिंता वाढते. भारतात टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य समुपदेशन मिळते. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. जगणे नकोसे वाटू लागल्यास विलंब न करता मदत घ्यावी.

चिंता समूळ नष्ट करणे हे उपचाराचे उद्दिष्ट नसते. चिंता वाटत असतानाही हवे तेथे जाता येणे आणि हवे ते करता येणे, ही बरे होण्याची खरी खूण होय.