‘आजी पडल्या’

वृद्धांच्या छळाला वैद्यकीय कागदोपत्री नाव मिळालं ते एका वाचकपत्रातून. सप्टेंबर १९७५मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जी. आर. बर्स्टन यांचं छोटंसं पत्र छापून आलं. शीर्षक होतं ‘ग्रॅनी बॅटरिंग’, म्हणजे सरळ मराठीत आजीला मारहाण. शब्द उसना होता. १९६२ साली अमेरिकेत हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार खाल्लेल्या मुलांवर निबंध लिहिला आणि हाड मोडलेलं मूल आलं की ‘जिन्यावरून पडलं’ या उत्तरावर डॉक्टर पूर्वीसारखा डोळे झाकून विश्वास ठेवेनासे झाले. बर्स्टन यांचं म्हणणं एवढंच होतं, की मुलांचं दिसायला लागलंय तसं म्हाताऱ्यांचंही दिसू द्या.

मला त्या पत्रात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ते कोणाला उद्देशून आहे. फॅमिली डॉक्टर, अपघात विभागातले डॉक्टर, घरोघरी जाणाऱ्या नर्स, समाजसेवक. म्हणजे जे सर्वांत आधी पोचतात ते. प्रशिक्षणाची मागणी पहिल्याच पत्रात होती.

त्याच्या पाच वर्षं आधी, डिसेंबर १९७०मध्ये, आपल्याकडे ‘नटसम्राट’ रंगमंचावर आलं होतं. मुलांच्या घरी आईबापांचं काय होतं ते मराठी माणसाला कोणत्या जर्नलनं सांगायची गरज नव्हती. पण ते दैव होतं, शोकांतिका होती. त्या नाटकावर बोलताना ‘गुन्हा’ हा शब्द निदान माझ्या ऐकण्यात कधी आला नाही.

पहिल्यांदा पोचणाऱ्याची अडचण मात्र खरी आहे. म्हातारी माणसं खरंच पडतात. कातडी पातळ झालेली असते, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतात, नुसता पलंगाचा कोपरा लागला तरी हात काळानिळा होतो. मग ‘पडल्या’ हे खरं कधी आणि खोटं कधी? कमाल म्हणजे, बर्स्टन यांच्या पत्राला तीस वर्षं होत आली तरी म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर साधे, अपघाती वळ कुठे उठतात हे कोणी नीट मोजलंच नव्हतं. ते केलं कॅलिफोर्नियातल्या डॉ. लॉरा मॉस्क्वेडा यांच्या गटानं. २००५ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १०१ वृद्धांना रोज भेटायचं, सहा आठवडे, आणि प्रत्येक वळाची नोंद ठेवायची. काम कंटाळवाणं, निष्कर्ष लखलखीत. अपघाती वळांपैकी जवळपास ९० टक्के हातापायांवर होते. मानेवर, कानांवर, नितंबांवर, तळपायांवर एकही नाही. वळाच्या रंगावरून दिवस सांगता येतो ही समजूतही तिथेच निकालात निघाली, कारण काही वळ पहिल्याच दिवशी पिवळे दिसत होते.

२००९ साली याच संशोधकांनी छळ झालेल्या वृद्धांकडे पाहिलं. वळ मोठे होते आणि चेहरा, पाठ, उजव्या दंडाची बाहेरची बाजू अशा ठिकाणी जास्त होते. त्याहून मोलाचं म्हणजे, वळ कशानं उठला हे त्यांतल्या बहुतेकांना सांगता आलं. स्मरणशक्ती ढासळलेल्यांपैकीही अनेकांना. ‘त्यांना काय आठवतंय’ म्हणून मुलाला विचारणाऱ्या सगळ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

पुढे टेक्सासमध्ये फोर्ट वर्थच्या अॅम्ब्युलन्स कर्मचाऱ्यांसाठी एक प्रश्नावली तयार झाली. त्यामागचा विचार साधा होता. हॉस्पिटलातल्या डॉक्टरला आणलेला रुग्ण दिसतो, अॅम्ब्युलन्सवाल्याला घर दिसतं. अंथरूण, स्वयंपाकघर, सांभाळणाऱ्याचा आवाज, तो आत आल्यावर म्हातारीचं गप्प होणं. काय पाहायचं ते लिहून हातात दिलं, आणि संरक्षण यंत्रणेकडे जाणाऱ्या तक्रारी वाढल्या.

आपल्याकडे कायदा आहे. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २१ पोलीस आणि न्यायिक अधिकाऱ्यांना ठरावीक काळानं प्रशिक्षण द्यायला सांगतं. पण पोलिसांची नजर कुठे वळवली आहे ते महाराष्ट्राच्या २०१०च्या नियमांत दिसतं. प्रत्येक ठाण्यानं हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची यादी ठेवायची, महिन्यातून एकदा भेट द्यायची, घरगड्यांची पूर्वपीठिका तपासायची. धोका बाहेरून येणार हे यात गृहीत आहे. चोरापुरतं ते ठीकच. पण हेल्पएज इंडियाच्या पाहण्यांमध्ये छळ करणाऱ्यांत सर्वांत वर येतात मुलगा आणि सून. ज्या घरात ते आहेत ते घर ‘एकट्यां’च्या यादीत कशाला येईल? आणि आलेल्या हवालदाराला चहा कोण देणार? तोच मुलगा.

लहान मुलांच्या लैंगिक छळाबद्दल २०१२च्या पॉक्सो कायद्यानं कळवण्याची सक्ती केली. ज्येष्ठांच्या कायद्यात तशी सक्ती डॉक्टरवरही नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ती आहे. आपल्याकडे ती सरसकट आणावी का, याबद्दल मी साशंक आहे. रेशनकार्ड, औषधं, झोपायची जागा सगळं ज्या मुलाच्या हातात, त्याच्यावर गुन्हा नोंदवून अधिकारी निघून गेला तर त्या रात्री त्या बाईनं काय करायचं? मॉस्क्वेडांच्या ऑरेंज काउंटीत २००३पासून डॉक्टर, पोलीस, वकील आणि समाजसेवक एकाच टेबलाशी बसून एकेका घराचा विचार करतात, ते याचसाठी.

१०८ची गाडी महाराष्ट्रात २०१४पासून धावते आणि तिच्यात डॉक्टर असतो. ही सोय फोर्ट वर्थलाही नव्हती. नातेवाइकाला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं, तर मागच्या दहा मिनिटांत त्या डॉक्टरला आजींना थेट विचारता येतं, कशा पडलात, त्या वेळी घरात कोण होतं, घरी परत जायची भीती वाटते का.